सीमेपलीकडचा फड : राज्याची हद्द ओलांडणारे ऊसतोड कामगार

महाराष्ट्रातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या लाखो माणसांपैकी बहुतेक जण राज्यातल्याच कारखान्यांकडे जातात; पण त्यांच्यातला एक मोठा हिस्सा राज्याची हद्द ओलांडतो. ही ये-जा मुख्यतः दोन दिशांनी होते. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतल्या आणि सांगलीच्या जत तालुक्यातल्या टोळ्या दक्षिणेकडे बेळगाव, बागलकोट आणि विजापूर जिल्ह्यांतल्या कारखान्यांसाठी ऊस तोडतात. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली कुटुंबे डांगमधल्या कुटुंबांबरोबरच सुरत, नवसारी आणि भरूचच्या फडांवर उतरतात. उलट दिशेचा प्रवाहही आहे. विजापूर भागातल्या लमाण तांड्यांवरून माणसे कोल्हापूर-सांगलीकडे तोडीला येतात, म्हणजे हद्दीच्या दोन्ही बाजूंचे कोरडवाहू गाव पलीकडच्या बागायती गावाला हात पुरवते.

या वाटांचे वय पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. खानदेश, डांग आणि सुरत १ मे १९६० पर्यंत एकाच मुंबई राज्यात होते. बेळगाव आणि विजापूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत त्याच राज्याचे जिल्हे होते. बाजारहाट, सोयरीक, देवदर्शन आणि मजुरी यांसाठी लोक या मुलखात आधीपासून फिरत होते. त्यांच्या येण्याजाण्यावर रेघ नंतर पडली. नवापूरच्या रेल्वे स्थानकातून ही रेघ अशी जाते, की स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तर हद्द कुठे लागली हे फक्त पाट्यांची लिपी बदलल्यावर कळते. मजुराचा रस्ता ही हद्द अडवत नाही. रेशन, शाळा, दवाखाना, मजुरीचा करार आणि कल्याण योजना मात्र तिच्यापाशी अडतात, आणि सीमेपलीकडच्या ऊसतोड कामगाराचे रोजचे जगणे या विसंगतीतून घडलेले आहे.

स्थलांतराचे कारण पाण्याच्या वाटपात आहे. १९५०च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या तीन दशकांत धरणांच्या लाभक्षेत्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. याच काळात सुरत जिल्ह्यात बारडोलीचा कारखाना वाढला, तर कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा या नद्यांच्या काठाने संकेश्वर, चिकोडी या भागांत कारखाने वाढत गेले. बालाघाटच्या डोंगरावरच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांत मात्र एका पावसाळी पिकापलीकडे फारसे काही निघत नव्हते. १९७२च्या दुष्काळाने या भागातून बाहेर पडण्याला वेग दिला. आज ऊसतोड कामगारांची संख्या साधारणपणे आठ ते बारा लाखांच्या घरात सांगितली जाते. अंदाजांमध्ये इतके अंतर असणे हीच या विषयातली पहिली अडचण आहे, कारण ज्यांची मोजणी झालेली नाही त्यांच्यासाठी तरतूदही अंदाजानेच होते.

सिंचित भागात भूमिहीन मजूर होतेच, मग माणसे इतक्या लांबून का आणली गेली, हा प्रश्न अभ्यासकांना पडला. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातमध्ये काम केले आणि बारडोलीच्या ऊसतोडीवर १९७८ साली लिहिलेल्या लेखात त्याचे उत्तर दिले. तिथला स्थानिक हळपती मजूर हाताशी असूनही खानदेशातून टोळ्या येत होत्या. स्थानिक मजुराला त्याच गावात घर असते, नातेवाईक असतात, संध्याकाळी परतायची वेळ असते आणि दुसरे काम मिळाले तर तो निघून जातो. परक्या मुलखातून आलेला, शेताच्या कडेला राहणारा, आधीच पैसे घेऊन बसलेला माणूस दिवसा आणि रात्री केव्हाही उठवता येतो. अंतर हा कारखान्याचा तोटा नसून सोय आहे, हे निरीक्षण आजही खरे आहे. भाषा आणि राज्य बदलले की ही सोय आणखी वाढते, कारण तक्रार कुठे करायची हेच मजुराला ठाऊक नसते.

भरतीची पद्धत उचलीवर, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांवर उभी आहे. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी करतो, तो मालक मुकादमाला पैसे देतो आणि मुकादम आपल्या गावातल्या, वस्तीतल्या, भावकीतल्या जोडप्यांना उचल वाटतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल पावसाळ्यातच हातात पडते. त्याच वेळी बी-बियाणे, मुलांची फी, लग्नाचे देणे, आजारपण असे सारे समोर उभे असते. एका कोयत्याची उचल आता पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. ही रक्कम पुढे मजुरीतून फेडायची असते आणि फेडीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जानेवारी २०२४च्या समझोत्यात महाराष्ट्रातला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि गाडीत भरते. रोज दोन टन धरले तरी दोघांची मिळून कमाई सव्वासातशेच्या आसपास जाते. दीडशे दिवस एकही खाडा न होता काम चालले तर हंगामाचा आकडा एक लाख दहा हजारांवर पोचतो. पण पाऊस, कारखान्याची बंदी, गाडीची नादुरुस्ती, आजारपण, बाळंतपण यांतले काही ना काही होतेच. मग लाखाची उचल हंगामअखेरीला फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी कुठल्या मुकादमाबरोबर जायचे हा प्रश्न आपोआप सुटतो. वर खाड्याचा दंड असतो. एक दिवस काम बुडले तर पाचशे ते हजार रुपये नावावर चढतात, म्हणजे न मिळालेल्या मजुरीखेरीज पदरचेही जातात.

गुजरातेत चाल थोडी निराळी आहे. तिथे उचलीबरोबर ‘खावटी’ असते, म्हणजे दर पंधरवड्याला खाण्यापुरते धान्य आणि थोडे पैसे. पूर्ण हिशेब हंगाम संपल्यावरच होतो. उचलीच्या रकमेवर दीडपट वसुली करण्याचा रिवाज तिथे रुळलेला आहे, म्हणजे हजार घेतले तर दीड हजार कापले जातात. गुजरात सरकारने ऊसतोडीसाठी किमान वेतनाचा स्वतंत्र दर ठरवलेला आहे आणि संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०२२च्या अखेरीस तो टनाला २३८ वरून ४७६ रुपये झाला. या दरामागे सरकारी अधिसूचना आहे. महाराष्ट्रातला दर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यातल्या वाटाघाटीतून ठरतो. कर्नाटकात गेलेल्या टोळीला महाराष्ट्रातला समझोता लागू नसतो; तिचा दर त्या-त्या कारखान्याचा करार आणि मुकादमाची बोली यांवर राहतो. एकाच गावातल्या दोन घरांना एकाच कामासाठी दोन राज्यांत वेगळे नियम लागू होतात.

फडावरचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. बाई आधी उठते, चूल पेटवते, भाकरी थापते, पाणी भरते आणि उजाडायच्या आत दोघेही फडात असतात. पुरुष बुडख्याशी कोयता घालत पुढे सरकतो. मागून बाई पाचट सोलते, वाढे छाटते, उसाच्या मोळ्या बांधते. पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे हा कामातला सर्वांत धोक्याचा भाग, आणि तो पुष्कळदा बायकांच्या वाट्याला येतो. बैलगाडीवाल्या टोळीला कारखान्यावर जाऊन वजनकाट्याच्या रांगेत रात्र काढावी लागते. ट्रकवर काम करणाऱ्यांची गाडी रात्री एकला आली तर रात्री एकलाच भरावी लागते. कोणत्या शेताचा ऊस कधी तोडायचा याची चिठ्ठी कारखान्याचा चिटबॉय देतो, त्यामुळे मजुराची वेळ साखरेच्या गाळपाला बांधलेली असते. त्याचे शरीर काय म्हणते याला त्या वेळापत्रकात जागा नाही.

राहण्याच्या जागेला ‘अड्डा’ म्हणतात, गुजरातेत ‘पडाव’. बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपी असतात, वाकून आत जावे लागेल इतक्या बुटक्या. कारखान्याजवळच्या अड्ड्यांवर कधी नळ आणि दिव्याचा खांब असतो. शेताच्या कडेच्या कोपींना दोन्ही नसते. पाणी शेतकऱ्याच्या मोटरीवरून आणायचे आणि मोबाइल त्याच्याच ओसरीवर चार्ज करायचा. शौचाला उसातच जायचे, तेही अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी. हंगाम पुढे सरकतो तसा उसाचा आडोसाही कमी होत जातो, आणि बायकांसाठी ही रोजची अडचण होऊन बसते.

या तुटपुंज्या जगण्यात जमेची बाजू माणसांची आहे. दहा-वीस कोयत्यांची टोळी बहुधा एकाच गावची, एकमेकांच्या नात्यातली असते. सख्खे भाऊ, चुलते, मेहुणे, साडू शेजारी-शेजारी कोपी घालतात. एखाद्या बाईला दिवस गेले असतील तर तिच्या वाटच्या मोळ्या जाऊ ओढते. कोपीत राहिलेली म्हातारी चार घरांची लेकरे सांभाळते. मुकादमही त्यातलाच असतो, कुणाचा मामा, कुणाचा व्याही, एके काळी स्वतः कोयता चालवलेला. तो कारखान्याकडून सुमारे वीस टक्के कमिशन घेतो, पण रात्री कुणाला साप चावला तर जीप काढणाराही तोच असतो. परक्या राज्यात, भाषा न येणाऱ्या दवाखान्यात डॉक्टरशी बोलायला दुसरे कोणी नसते. नात्याचा आधार आणि कर्जाचा फास असे एकाच माणसाच्या हाती असल्याने मुकादमाविरुद्ध तक्रारी फार कमी होतात. तक्रार करणारा एका व्यवहारातून बाहेर पडतो, त्याच वेळी लग्नकार्याला बोलावणाऱ्या भावकीतूनही दूर जातो.

मालक आणि मजूर एवढ्याच मांडणीत न मावणारी जाळी यातूनच विणली जाते. एखाद्या टोळीने अथणीकडे चार-पाच हंगाम केले की तिथल्या किराणा दुकानदाराशी उधारी चालू होते, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी ताकाला जाता येते, मोडक्या कन्नडमध्ये भाव करता येतो. वाढे जनावरांसाठी लागतात, ती विकून किंवा देऊन आठवड्याच्या बाजाराची सोय होते. ऊस वाळण्याआधी तोडून हवा असलेला शेतकरी टोळीला ‘खुशाली’, म्हणजे वरचे पैसे देतो. शेतकरी या खुशालीविरुद्ध बोलतात आणि त्यांचे म्हणणे चूक नाही, पण ज्या कामाचा दर पोट भरण्याइतका नाही तिथे असा वरचा व्यवहार उगवतोच. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात मराठी बोलली जाते, त्यामुळे तिथे पहिली काही वर्षे सोपी जातात. मुधोळ-जमखंडीच्या बाजूला गेले की हॉटेलची पाटी, बसचा फलक, औषधाची चिठ्ठी, पोलिसाचा प्रश्न सारेच परके होते. नंदुरबारहून निघालेल्या मावची, पावरी, कोकणी बोलणाऱ्यांना तर मराठी हीच दुसरी भाषा, गुजराती तिसरी.

मोबाइलने या जाळ्याला नवे टोक दिले आहे. गावात म्हाताऱ्या आईला पैसे पाठवणे, दुसऱ्या कारखान्यावर काय दर चालला आहे हे विचारणे, कोणता मुकादम पैसे बुडवतो ते एकमेकांना सांगणे, हंगामात झालेल्या बाळाचा फोटो माहेरी दाखवणे हे आता कोपीतून होते. तरुण मजूर फडावरच्या कामाचे व्हिडिओ टाकतात. एकेकाळी हंगामभर गावाशी तुटणारा संबंध आता रोज संध्याकाळी जोडला जातो. उचलीची बोलीही फोनवर होऊ लागली आहे. फायदा दोन्ही बाजूंचा झाला, तरी हिशेबाची वही मात्र अजून मुकादमाच्याच खिशात आहे.

गावाशी असलेले नाते सणांनी टिकते. बालाघाटातल्या मजुरांसाठी दसऱ्याचा मेळावा हा निघण्याआधीचा शेवटचा मोठा एकत्र येण्याचा दिवस. भगवानगडावरच्या या मेळाव्याला गोपीनाथ मुंडे यांच्या काळात मोठे राजकीय वजन आले आणि २०१७पासून सावरगावात दसऱ्याचा मेळावा भरू लागला. ‘कोयता बंद’ची हाक अनेकदा याच दिवसांत दिली गेली, कारण टोळ्या एकदा विखुरल्या की संप अशक्य होतो. सातपुड्यातल्या भिलांसाठी होळी सर्वांत मोठी. अक्कलकुव्याजवळच्या काठीची होळी गाठायला माणसे हंगाम अर्धवट टाकून निघतात, मग त्याची किंमत हिशेबात मोजावी लागली तरी चालते.

बायकांच्या बाबतीत हा विषय वेगळ्या गांभीर्याने पाहावा लागतो. कोयता जोडीचा असल्यामुळे मजुरीचा हिशेब पुरुषाच्या नावावर होतो आणि बाईच्या अर्ध्या कष्टाला स्वतंत्र नोंदच राहत नाही. लग्न झालेल्या जोडीला पूर्ण उचल मिळते, म्हणून मुलीचे लग्न कोवळ्या वयात उरकण्याचा दबाव वाढतो. मुलीला गावी एकटी ठेवण्याची भीती त्यात भर घालते. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही आणि सुटीला दंड, या कोंडीतून गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण बीड जिल्ह्यात भयंकर वाढले. २०१९ मध्ये हे उघड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे एक. यातल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते. पुढे जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हा उपाय गरजेचा होता, पण तो दवाखान्याच्या दारात सुरू होतो आणि कारण फडात आहे. शिवाय दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात झालेली शस्त्रक्रिया या देखरेखीत येत नाही.

गरोदर बाईची नोंद तिच्या गावच्या अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात असते, तर गरोदरपणातले सहा महिने दुसऱ्याच राज्यात जातात. लसीकरणाचे कार्ड, लोहाच्या गोळ्या, पूरक आहार हे सारे कागदोपत्री तिच्याबरोबर जायला हवे. प्रत्यक्षात तिची गाठ पडते ती फडापासून चार-पाच किलोमीटरवरच्या, तिची भाषा न बोलणाऱ्या सेविकेशी, तीही कुणी चौकशी केली तर. बाळंतपण फडावर किंवा वाटेत होण्याच्या घटना दर हंगामात घडतात, आणि बाळंतीण दहा-पंधरा दिवसांत मोळी उचलताना दिसते.

मुलांचे नुकसान सर्वांत जास्त काळ पुरते. शाळेचे वर्ष जूनला सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटी आईबाप निघतात. नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या आणि त्यांतून पुष्कळ मुले शाळेत टिकली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर मुलांना नियमित शाळेतच घ्यावे असे धोरण ठरले आणि वेगळ्या शाळा मागे पडल्या. तत्त्व बरोबर होते. पण फडाजवळची नियमित शाळा कन्नड किंवा गुजराती माध्यमाची असेल तर तिसरीतले मराठी पोर तिथे मागच्या बाकावर नुसते बसून राहते, किंवा बसतच नाही. महाराष्ट्राने स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड दिले. त्याचा उपयोग राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात होतो, पण कर्नाटकातल्या मुख्याध्यापकाला ते ओळखण्याचे बंधन नाही. दुसरा मार्ग मुलांना गावीच ठेवण्याचा. हंगामी वसतिगृहे आजी-आजोबांच्या आधाराने चालतात, आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने दहा जिल्ह्यांतल्या ४१ तालुक्यांत मुलामुलींची ८२ वसतिगृहे उभारण्याची योजना मंजूर झाली. सीमेपलीकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी तूर्त हाच सर्वांत भरवशाचा उपाय दिसतो, कारण तो दुसऱ्या राज्यावर अवलंबून नाही. म्हातारे माणूस नसलेल्या घरातली दहा-बारा वर्षांची मुलगी मात्र अजूनही धाकट्याला सांभाळायला फडावर जाते.

कायदा या कामगारांकडे अगदीच पाठ फिरवून उभा होता असे नाही. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराला परवाना, प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक, येण्याजाण्याचा खर्च आणि विस्थापन भत्ता बंधनकारक केला होता. ऊसतोडीत त्याची अंमलबजावणी जवळजवळ झालीच नाही. मालक कोण हा प्रश्न त्याच्या आड आला. कारखाना म्हणतो, तोडणी वाहतूकदाराने केली. वाहतूकदार म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, आपण तर त्यांच्यातलेच. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसदरातून कापला जातो, त्यामुळे कारखाना स्वतःला या मजुरांचा मालक मानायला कधीच तयार होत नाही. ज्याच्या गाळपाच्या वेळेवर टोळी उठते-झोपते, त्याने जबाबदारी झटकावी हे न्यायाला धरून नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७९चा कायदा त्यांच्यात विलीन झाला. नव्या संहितेत स्वतःहून दुसऱ्या राज्यात गेलेला मजूरही आंतरराज्य कामगार मानला जातो, गावी जाण्यायेण्याचा वार्षिक प्रवासखर्च आहे आणि रेशन कुठल्या राज्यात घ्यायचे याची निवड आहे. त्याच वेळी या तरतुदी लागू होण्यासाठी लागणारी मजुरांची संख्या पाचवरून दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गेला.

रेशनच्या बाबतीत हद्द थोडी सैल झाली आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजना २०२२च्या मध्यापर्यंत सर्व राज्यांत पोचली आणि बीडचे कार्ड चिकोडीत चालू लागले. त्यावर केंद्राच्या कायद्याखालचे धान्य मिळते. कर्नाटकाने स्वतःच्या कार्डधारकांना वर दिलेले काही मिळत नाही. दुकान उघडते त्या वेळी मजूर फडात असतो, आणि उसाने भरडलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटायला त्रास देतात. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी त्याच कार्डावरचे धान्य लागते, म्हणून पुष्कळ कुटुंबे कार्ड गावीच ठेवून फडावर विकतचे पीठ आणतात.

कल्याण योजनांची गत अशीच. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने, असा त्याच्या निधीचा आराखडा आहे. बेळगावच्या कारखान्याने गाळलेल्या टनावर ही आकारणी होत नाही, जरी तो ऊस तोडणारे हात पाटोद्याचे असले तरी. ते हात महाराष्ट्राचे रहिवासी म्हणून योजनेत येतात. त्यांच्या श्रमातून निघालेली साखर येत नाही. दोन राज्यांनी मजुरांची यादी एकमेकांना देणे आणि आकारणीचा हिस्सा वाटून घेणे अवघड नाही. ऊस सीमेपलीकडे जातो म्हटल्यावर हालचाल लगेच होते: सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस पाठवण्यावर बंदी घातली आणि शेतकऱ्यांच्या विरोधानंतर ती काही दिवसांत मागे घेतली. माणूस सीमेपलीकडे जातो तेव्हा अशी घाई दिसत नाही.

हद्दीचा अर्थ सर्वांत उघड झाला तो २०२०च्या टाळेबंदीत. हंगाम संपत आला होता आणि अनेक टोळ्या फडांवरच अडकल्या. महाराष्ट्र सरकारने १७ एप्रिलला राज्यातल्या कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगारांना तपासणी करून घरी सोडण्याचा निर्णय घेतला. परराज्यात अडकलेल्या मजुरांच्या प्रवासाला केंद्राची मुभा २९ एप्रिलला मिळाली आणि मग दोन्ही राज्यांच्या परवानग्यांचे काम सुरू झाले. कारखाना रेघेच्या अलीकडे की पलीकडे, एवढ्यावरून एकाच गावच्या दोन टोळ्यांच्या सुटकेत हा फरक पडला.

उचलीच्या व्यवहारात फसतो तो दर वेळी मजूरच असे नाही. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या वाहतूकदारांनी कर्ज काढून मुकादमांना लाखो रुपये द्यावेत आणि टोळी आलीच नाही, किंवा महिनाभरात रातोरात निघून गेली, असे प्रकार दरवर्षी पोलिसांत जातात. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेला हा वाहतूकदार अनेकदा स्वतःच दोन-तीन एकरांचा शेतकरी असतो. वसुलीसाठी मुकादमाला किंवा त्याच्या नातेवाइकांना उचलून नेण्यापर्यंत गोष्टी जातात. राज्य वेगळे असले की पोलीस ठाण्यांमधला पत्रव्यवहार लांबतो आणि वसुली लोक आपल्या हाती घेतात. कागद नसलेल्या कर्जावर उभ्या केलेल्या या व्यवस्थेत सर्वांत वरच्या पायरीवरचा कारखाना तेवढा सुरक्षित राहतो.

या जोखमीला कंटाळून वाहतूकदार आणि कारखाने ऊसतोड यंत्राकडे वळू लागले आहेत. यंत्राला टनामागे मिळणारा दर हाताने तोडणाऱ्यांपेक्षा जास्त आहे, हा मुद्दा मजूर संघटना दरवाढीच्या प्रत्येक बैठकीत मांडतात. यंत्राला रुंद सऱ्या, सपाट आणि सलग मोठे रान लागते. कृष्णा-दूधगंगेच्या काठच्या दहा-वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत, बांधांच्या आणि पाटांच्या गर्दीत ते फिरत नाही. ओल्या जमिनीत रुतते आणि वाढेही वाया घालवते. म्हणून सलग पट्ट्यांत यंत्र आणि अडचणीच्या रानात कोयता अशी वाटणी होत चालली आहे. जी शेते हाताला उरतात ती रस्त्यापासून लांबची, चिखलाची आणि तोडायला जड असतात, आणि तिथे टनाचा दर तोच राहतो. त्यामुळे २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन हंगामांसाठी झालेल्या समझोत्यानंतरच्या बोलणीत टनाच्या दराबरोबर रानाचा प्रकार, वाहून नेण्याचे अंतर आणि रात्रीची भरणी यांचे वेगळे मोल ठरवावे लागेल, आणि महाराष्ट्रातल्या मजुरासाठी ठरलेले मोल त्याच्यामागोमाग निपाणी-अथणीपर्यंत जाईल अशी कलमे त्यात घालावी लागतील.